तुळईवरचे नाल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून लिहितोय. अंबरनाथला त्यांचा मानेच्या व्यायामाचा दवाखाना आहे. म्हणाल्या, "कमळाकरकाका, रोज दोन ओळी लिहायच्या. मान किती दुखली, बोटं किती बधिर होती. महिन्यानं मला दाखवा."

तीस वर्षं रिक्षा चालवली, मणके झिजलेत. गळ्यात पट्टा असतो. खाली बघता येतं, आजूबाजूला थोडंफार. वर बघता येत नाही, बघितलं की अंधारी येते. उजव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत. बाईंनी टाचणी टोचली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. टोचून झालं हे त्यांनी सांगितल्यावर कळलं.

मान: दुखते. बोटं: बधिर.

शुक्रवारी नाथाचं तेरावं झालं. नाथा माझा थोरला भाऊ. त्यानं लग्न केलं नाही, त्यामुळे अग्नी मीच दिला. मी रडतो का ते लोक बघत होते. मला रडू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. आम्ही अठ्ठावीस वर्षं बोलत नव्हतो. आता काय वाटणार.

५ फेब्रुवारी

जेवताना सुयोगनं, म्हणजे माझ्या मुलानं, विषय काढला. बेलवलीचा तबेला आता माझ्या एकट्याच्या नावावर येणार. शेजारच्या दोन घरांची जागा एका बिल्डरनं घेतलीय, आपली मिळाली तर त्याचा नकाशा चौकोनी होतो. बदल्यात आपल्याला तळमजल्यावर एक फ्लॅट. इथे खरवईला आम्ही तिघं चौथ्या मजल्यावर दीड खोलीत राहतो. लिफ्ट मनात आलं तर चालते, आणि माझ्या बायकोचे, सुनेत्राचे, गुडघे गेलेत. ती मध्ये पडली नाही, पण भाजी वाढताना "तळमजला" हा शब्द दोनदा म्हणाली.

"बाबा, तबेला ठेवून करायचं काय आपण? आत घोडा पण नाय," सुयोग म्हणाला.

खरंच आहे. मी हो म्हणालो. पाडव्याला त्यांना नव्या इमारतीचा नारळ फोडायचाय. त्याआधी सत्तावीस मार्चला तबेला पाडायचा. त्या दिवशी सकाळी जागेवरच ताबा दिल्याची सही करायची. तोपर्यंत आतलं सामान मी हलवायचं.

मान: हो म्हणताना कट्ट वाजली. बाकी तशीच.

९ फेब्रुवारी, रविवार

तबेल्यावर गेलो. किल्ली समोरच्या कौसाबाईकडे होती. ती पंच्याहत्तरीची असेल. एके काळी भाजीच्या पाट्या घेऊन रोज आमच्या टांग्यानं स्टेशनला जायची. अलीकडे नाथाला दुपारचं जेवण तीच द्यायची.

"आलास?" म्हणाली. "लय लवकर आलास."

टोमणा होता. कळला, लागला नाही.

तबेला होता तसाच आहे. दार एवढं उंच की टांगा छपरासकट आत जावा. मोरीकडे उतरत जाणारी दगडी फरशी, भिंतीत चार लोखंडी कड्या. कोपऱ्यात पाण्याची दगडी डोणी, घोड्यांच्या माना घासून तिची एक कड गुळगुळीत झालेली. मध्ये टांगा, दांड्या वर करून उभा. टांग्यामागे नाथाची खाट. चाकांच्या आसात तेल होतं आणि ते ताजं होतं. शहाण्णव साली बंद पडलेल्या टांग्याला तो तेल कशाला घालत होता कोण जाणे.

डोणी कोरडी होती. दोन बादल्या आणून भरली. सामान हलवताना हात धुवायला बरं पडेल.

डोक्यावर तुळई आहे आणि तुळईवर नाल. मला दिसले नाहीत, मान वर होत नाही, पण आहेत हे माहीत आहे. आमच्या बाबांनी, दौलतराव टांगेवाल्यांनी, हा तबेला बांधला आणि रीतही त्यांचीच. तबेल्यातला घोडा मेला की त्याच्या पुढच्या उजव्या पायाचा नाल काढून तुळईवर ठोकायचा, शेजारी नाव आणि साल कोरायचं. ज्याच्या जिवावर घर जेवलं त्याला डोक्यावर जागा. विकलेल्या घोड्याला नाल नाही. विकला की तबेल्यात त्याचं नावही काढायचं नाही. मेलेल्या घोड्याचं नाव नव्याला देता येतं, पण आधी जुन्याचा नाल वर गेला पाहिजे. मग तो नवा मेला की त्याचा नाल बरोबर जुन्याच्या खाली. आमच्याकडे चांदणी नावाच्या दोन घोड्या होऊन गेल्या, त्यांचे नाल एकाखाली एक आहेत. आणि घोडा जिवंत असताना त्याचं नाव दुसऱ्याला लावलं, तर ते त्याला मारल्यासारखंच.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

१४ फेब्रुवारी

सकाळी साजाची पेटी उघडून बसलो होतो. लगाम, झापडं, तोबरा, सगळं तेल लावून घडी घालून ठेवलेलं. तेवढ्यात एक मुलगी दारात उभी. शलाका नाव, अंबरनाथची, इमारती बांधायचं शिकते. त्यांचा चारपाच जणांचा गट घोडागाडीच्या काळातले तबेले, टांगास्टँड, पाण्याच्या डोण्या शोधत फिरतोय. यादी करून नगरपालिकेला देणार, म्हणजे त्यातल्या काही तरी वाचतील.

"अंबरनाथला एक सापडला काका. आत गाद्यांचं दुकान आहे. भिंतीतल्या कड्यांना गाद्या टांगतात. त्या माणसाला माहीतच नव्हतं की कड्या कशाच्या."

मी म्हटलं, हा सत्तावीस मार्चला पाडतायत. तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, निदान मापं घेऊ द्या. घे म्हटलं. आमचं काय जातंय.

मापं घेताना तिनं विचारलं, "इथे पूर्वी सैन्याचे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर असं म्हणतात. खरं का हो?"

"म्हणतात खरं. आम्ही नाही कधी बदलले," मी म्हणालो. "आमच्याकडे आला की मरेपर्यंत आमचा."

बोलून गेलो आणि मग बाहेर जाऊन डोणीसाठी पाणी आणलं. डोणी भरलेलीच होती. पाणी फरशीवरून मोरीत गेलं.

१८ फेब्रुवारी

मान: पट्टा घट्ट होतो. बोटं: तशीच.

डॉक्टरीणबाई वाचणार असतील तर पुढचं सोडून द्यावं. दुखण्याशी संबंध नाही.

शहाण्णवच्या पावसाळ्यात स्टेशनच्या उतारावर नाथाचा भरलेला टांगा कलंडला. पाय चाकाखाली आला. तो बासष्ट दिवस दवाखान्यात पडून होता. तोवर माझ्या रिक्षाला तीन वर्षं झाली होती. टांगा आता चालत नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, घोडा चालतोय ना.

घोडी होती बिजली. आठ वर्षांची, कपाळावर पांढरा पट्टा. नाथा दवाखान्यात, मग अंगाला खरारा, चंदी चारणं, पाणी, लीद काढणं, सगळं माझ्या गळ्यात. मी पहाटे पाचला रिक्षा काढायचो. विसाव्या दिवशी माथेरानचा एक घोडेवाला विचारत आला. मी देऊन टाकली. तिची आबाळच होत होती, तिकडे चार घोड्यांत राहील, असं मनाला सांगितलं. नाथाला विचारलं नाही.

रोज डबा घेऊन दवाखान्यात जायचो. तो रोज एकच विचारायचा, "पाणी पाजलंस?" मी म्हणायचो, हो. बेचाळीस दिवस मी हो म्हणत होतो.

कुबडीवर घरी आला. डोणी कोरडी बघितली. "कुठेय?" म्हणाला. मी म्हटलं, माथेरानला. त्यावर तो काहीच बोलला नाही. ओरडला असता, कुबडी घातली असती डोक्यात, तर आज आम्ही बोलत असतो असं मला वाटतं.

त्याच आठवड्यात रिक्षा रंगवायला दिली होती. पेंटरनं विचारलं, मागे नाव काय टाकू? लोक देवाचं टाकायचे, पोरांचं टाकायचे. माझ्या तोंडून बिजली निघालं. का निघालं ते मला आजही सांगता येणार नाही. पेंटरनं हौसेनं खाली विजेचा बाण काढला. दुसऱ्या दिवशी नाथानं ते स्टँडवर बघितलं. चार माणसांत म्हणाला, "जित्या घोडीचं नाव लावलंस? मारलीस तिला."

ते शेवटचं. नंतर लग्नाकार्यात समोर आलो तरी तो कुबडी टेकत बाजूनं जायचा.

नाव पुसता आलं असतं. एक डबा रंग लागला असता. चौदा वर्षं मी तेच नाव मागे लावून फिरलो. हट्ट म्हणा.

२२ फेब्रुवारी

सुनेत्रा म्हणते मी झोपेत जिभेनं टक् टक् करतो, घोड्याला चाल म्हणतात तसं. मी म्हटलं, दात हलतोय. तिनं दात दाखवायला सांगितला. दाखवला नाही.

२ मार्च, रविवार

टांग्याचे पितळी दिवे कोणी घेतं का बघायला उल्हासनगरला गेलो. अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षा, पुढे कॅम्प तीनपर्यंत दुसरी. पोरगा क्लच अर्धा दाबूनच चालवत होता. महिन्यात प्लेट जाळेल. सांगितलं नाही.

कॅम्प तीनला जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत हरेशचं जुन्या रिक्षांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आमची ओळख तीस वर्षांची असेल. २०१० साली बिजली, म्हणजे माझी पहिली रिक्षा, मी त्याच्याकडेच मोडीत काढली. मला बघून म्हणाला, "आओ कमल साईं! गले में ये क्या पट्टा बांधा है, भाभी ने बांध के रखा क्या?"

चहा झाला. नाथा गेला म्हणून सांगितलं. हरेशनं दिवे खाली ठेवले. "वो लंगड़ा भाई? अरे, वो तो आया था मेरे पास. तेरी गाड़ी काटने को रखी थी, तब. पीछे का पत्रा मांगा. मैं बोला ले जा. खुद बैठ के छेनी-हथौड़ी से काटा, दो घंटा लगा उसको. मैं पूछा क्या करेगा? बोला, तबेले में काम है."

कौलं गळत असणार. माझ्या रिक्षाचा पत्रा त्यानं गळतीला लावला. जगात दुसरा पत्रा नव्हता जणू. येताना सगळ्या वाटेवर राग येत होता. निदान राग तरी आला, बरं वाटलं थोडं.

दिवे परत घेऊन आलो. हरेश म्हणाला, "ये मैं नहीं लेगा. भाई का है, घर में रख."

१२ मार्च

शलाकाचं काम संपलं. शिडी लावून तिनं तुळईचे फोटो काढले आणि खाली येऊन मला यादी वाचून दाखवली. मी साजाच्या पेटीवर बसून ऐकत होतो.

"हिरा, एकोणीसशे अठ्ठेचाळीस. लाली, बावन्न. चांदणी, एकोणसाठ. तिच्या खाली परत चांदणी, चौऱ्याहत्तर." अशी ती वाचत गेली. एकेक नाव आलं की तो घोडा दारातून आत यायचा. बादशहा चावायचा. पाखऱ्या मोटारीला बुजायचा. "आणि शेवटचा, बिजली, दोन हजार नऊ. त्याच्या खाली एक पत्र्याचा तुकडा आहे, काजळी बसलीय..."

मी म्हटलं, शेवटचं परत वाच.

"बिजली. दोन हजार नऊ."

मी म्हटलं, चुकलीस. विकलेल्या घोडीला नाल नसतो. तिनं फोनवर फोटो मोठा करून माझ्या नाकासमोर धरला. नाल होता. अक्षर नाथाचं होतं, ज ची शेपटी लांब.

पत्र्याचं ती अजून काही विचारत होती. गळतीचा आहे, म्हटलं.

जाताना तिनं एक कागद दिला. मालकाची संमती. सही केली तर तबेला यादीत जाईल, मग नगरपालिकेनं बघेपर्यंत पाडू नये असं सांगता तरी येईल. मी म्हटलं, बाई, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, "असू द्या काका. कागद ठेवा." या वहीत ठेवलाय.

मान: बघितली नाही.

१३ मार्च

होळी. मुद्दाम दुपारी कौसाबाईकडे गेलो. ती पुरण वाटत होती. विचारलं, बिजलीचा नाल वर कसा?

"तुला नाय ठावं?" हात न थांबवता म्हणाली. "दर दसऱ्याला जायचा तो माथेरानला. फडक्यात हरभरे बांधून न्यायचा. त्या पायानं, कुबडी घेऊन, डोंगरावर. मी म्हणायची, नाथा, लोकाची घोडी ती आता, कशाला जातोस? तर म्हणायचा, मी कुठं इकलीय?"

"मग?"

"मग नऊ साली गेला तर ती मेलेली. आठ दिस आधी. घोडेवाल्यानं नाल काढून ठेवला व्हता, म्हातारा येईल म्हणून. फडक्यात हरभरे गेले, नाल आला. त्या दिशी जेवला नाय." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझ्याबद्दल वाईट बोलला नाय कधी. चांगलं पन नाय बोलला. इचारायचा मातुर."

"काय विचारायचा?"

"रिक्षा नीट चालवतो का म्हनून."

पुरणपोळी दिली तिनं. अर्धी खाल्ली. गोड लागली की नाही ते आठवत नाही.

१५ मार्च

मान: तशीच. बोटं: तशीच.

१९ मार्च

तशीच.

२१ मार्च

बिल्डरचा माणूस घरी येऊन इमारतीचं चित्र दाखवून गेला. तबेल्याच्या जागी खाली गाड्या लावायची सोय आणि आमचा फ्लॅट. चित्रात झाडं काढली होती आणि एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. सुनेत्रानं चित्र खूप वेळ हातात धरलं. खिडकी कुठल्या बाजूला, पाणी किती वेळ, असं विचारत होती. किती वर्षांनी तिला असं विचारताना बघितलं. तिला एक जिना न चढायचं घर मिळावं असं मलाही वाटतं. हे खोटं नाही.

२४ मार्च

सामान काढलं. साजाची पेटी, दिवे, कुबडी, चार भांडी कौसाबाईच्या पडवीत ठेवली. टांगा तिच्या अंगणात न्यायचा होता. सुयोग म्हणाला, चार माणसं बोलावतो. मी सहज दांडीला हात लावला तर तो निघालाच. आवाज न करता, एका हातानं. ते तेल.

खाट तेवढी राहिली. सुयोगनं उचलायला हात घातला. मी म्हटलं, राहू दे, सत्तावीसला बघू.

"बाबा, ठीक आहे ना तुमचं?" त्यानं विचारलं. "म्हणजे, नसेल करायचं तर आत्ता बोला. नंतर लफडं नको. त्यांचा जेसीबी बुक झालाय."

मी म्हटलं, काही वाटत नाही मला. खोटं बोलत नव्हतो. त्या वेळी खरंच काही वाटत नव्हतं. दवाखान्यात टाचणी टोचली तेव्हासारखंच.

डोणी भरून आलो.

२७ मार्च, गुरुवार

हे पेन्सिलीनं लिहितोय कारण पेन उलटं चालत नाही. मी नाथाच्या खाटेवर आडवा आहे, वही पोटावर.

सकाळी साडेसहालाच आलो. जेसीबी नऊला येणार होता. काय करायला लवकर आलो ते माहीत नाही. रिकाम्या तबेल्यात थोडं फिरलो. मान एवढी ठणकत होती की उभं राहवेना. कौसाबाई दारातून म्हणाली, "आडवा हो घटकाभर. खाट हाय ना." नाथाच्या खाटेवर मी याआधी बसलोही नव्हतो. झोपलो. पट्टा सोडला.

आडवं पडल्यावर मान वर करावी लागत नाही. तुळई बरोबर डोळ्यांसमोर आली.

सगळे होते. हिरा, लाली, एकाखाली एक दोन्ही चांदण्या. तीस वर्षांपूर्वी बघितले तसेच. टोकाला बिजली. आणि तिच्या बरोबर खाली, चांदणीखाली चांदणी असते तसा, चार खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. मी कौलांकडे बघितलं. गळतीची खूण तिथे कुठेच नाही. तुळई कोरडी ठणठणीत आहे.

कोपऱ्यात जाळी काढायचा लांब काठीचा झाडू होता. तो घेतला आणि पडल्या पडल्याच पत्र्यावरून फिरवला. काजळी तोंडावर पडली, डोळ्यांत गेली. पुसून परत बघितलं. आधी बाण दिसला, पेंटरचा. मग अक्षरं. बिजली. शेजारी लाकडावर नाथाच्या हातचं साल, २०१०. ज्या साली मी ती मोडीत काढली.

त्यानं गाडीला नाल दिला. नाव लावायची चूक मी शहाण्णवला केली. नऊ साली घोडी मेली, तिचा नाल वर गेला, नाव मोकळं झालं. मग दुसरीही गेली तेव्हा तो एका पायावर कॅम्प तीनपर्यंत गेला, दोन तास बसून पत्रा कापला, आणि तिला तिच्या जागी लावलं. रीतीत बसवलं. पंधरा वर्षं तो रोज झोपताना हे बघत होता आणि मी चार किलोमीटरवर राहून मान वर केली नाही. तेव्हा तर मानेला काही झालंही नव्हतं.

काजळीनं डोळे चुरचुरत होते, पण मी काजळीनं रडत नव्हतो. हे लिहून ठेवतो. छातीत दुखलं, खूप दुखलं, आणि मी "नाथा" म्हणून मोठ्यानं हाक मारली. कौसाबाई धावत आली. मला बघून दारातच बसली आणि पदर तोंडाला लावला.

नऊला जेसीबी आला. बिल्डरचा माणूस ताब्याचा कागद घेऊन आत आला, मागून सुयोग. मी उठलो नाही. म्हटलं, मान गेली, उठता येत नाही. त्या माणसानं कागद माझ्या छातीवर ठेवला, काका, पडल्या पडल्या करा सही. मी म्हटलं, करतो. वहीतला शलाकाचा कागद काढला आणि त्यावर केली. पेन चाललं नाही तेव्हा कौसाबाईनं पेन्सिल आणून दिली. माझ्या नावात ज नाही, पण र ची शेपटी लांब गेली.

माणूस सुयोगवर चिडला, मग फोन करायला बाहेर गेला. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि सावलीत जाऊन बसला. सुयोग खाटेच्या कडेला बसला. मी त्याला वर बघ म्हटलं. त्यानं बघितलं, पत्रा वाचला. ही रिक्षा त्याला शाळेत सोडायची.

"आईला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"मी सांगतो. तिला इकडे आण. इथे पण तळमजलाच आहे."

तो हसला नाही. मीही चेष्टेनं म्हटलं नव्हतं. सुनेत्राचे गुडघे मला दिसतात, तिच्या हातातलं ते चित्रही दिसतं. तिला मी काय उत्तर देणार ते अजून माहीत नाही.

आता अकरा वाजलेत. बाहेर ते लोक वाट बघतायत. सुयोग डोणीतल्या पाण्यानं तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "पण बाबा, असं किती दिवस पडून राहणार तुम्ही?"

मी म्हटलं, नाथा बासष्ट दिवस पडून होता.